डबी आधी उलटी करून पाहावी

२८ मार्च १८७६ रोजी जपानच्या मेइजी सरकारने फर्मान काढले. सैनिक, पोलीस आणि समारंभी पोशाखातले अधिकारी सोडून यापुढे कुणीही कमरेला तलवार लावून फिरायचे नाही. सामुराईंचा मान कसा गेला यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. पण तलवारीला पात्याखेरीजही बराच संसार असतो. पाते आणि मूठ यांच्यामध्ये बसणारी चकती, मुठीच्या टोकांच्या टोप्या, मुठीच्या वेष्टणात अडकवलेले छोटे अलंकार, म्यानाच्या खाचेत राहणारी चिमुकली सुरी. असल्या बोटभर तुकड्यांवर सोन्याचांदीची फुले, पाखरे, लाटा उमटवण्यात पिढ्या घालवलेली घराणी क्योतो, टोक्यो, कानाझावा या शहरांत होती. १८७१ साली सरदारांच्या जहागिऱ्या खालसा झाल्या तेव्हाच त्यांचा आश्रय आटला होता. या फर्मानाने उरलेसुरले गिऱ्हाईकही गेले.

जुन्या जपानी धातूच्या ज्या नक्षीदार डब्या आज जगभरच्या लिलावांत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत दिसतात, त्यांतल्या उत्तम डब्यांचे मूळ या बेकारीत आहे. डबी हातात घेणारा माणूस बहुधा झाकणावरचा फुजी पर्वत निरखत बसतो. त्याने फारसे हाती लागत नाही, कारण फुजी पर्वत चांगल्या डबीवर असतो तसा टाकाऊ डबीवरही असतो. विचारायचे ते वेगळे. ही डबी कुणाच्या टेबलासाठी बनली? व्हिएन्नाच्या प्रदर्शनात हिंडणाऱ्या धनिकाच्या, क्योतोला उतरलेल्या प्रवाशाच्या, घरी परतणाऱ्या अमेरिकी सैनिकाच्या, की सम्राटाच्या पंगतीला बसलेल्या पाहुण्याच्या? गिऱ्हाईक सापडले की काळ सापडतो, धातू सापडतो, आणि किमतीचा अंदाजही बांधता येतो.

काही कारागिरांची सोय लवकर लागली. तलवारीच्या अलंकारांत नाव कमावलेल्या कानो नात्सुओने (१८२८–१८९८) ओसाकाच्या नव्या टांकसाळीसाठी येनच्या नाण्यांवरचा ड्रॅगन कोरला. ही टांकसाळ १८७१ साली सुरू झाली. १८९० मध्ये तो टोक्योच्या ललित कला विद्यालयात प्राध्यापक झाला आणि त्याच वर्षी राजघराण्याचा मानकरी कलावंतही. पण नात्सुओ एखादाच. बाकीच्यांना हवा होता बाजार, आणि तो देशाबाहेर होता.

सरकारला परकी चलन हवे होते, कारागिरांना काम. १८७३ च्या व्हिएन्ना जागतिक प्रदर्शनात मेइजी जपानने पहिल्यांदा सरकारी पातळीवर आपला माल मांडला आणि युरोप अक्षरशः त्यावर तुटून पडला. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, सरकारी पाठबळावर किरित्सु कोशो काइशा ही निर्यात कंपनी उभी राहिली. कारागिरांना नमुने पुरवायचे, काम करवून घ्यायचे आणि माल परदेशी पाठवायचा हा तिचा धंदा. न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये तिच्या शाखा होत्या. १८९१ साली ती बंद पडली, पण तोवर एक गोष्ट जपानी कारागिराला पक्की समजली होती. पाश्चात्त्य घरात फुलदाणी लागते, आणि डबी तर लागतेच लागते. सिगारेटची, दागिन्यांची, भेटकार्डांची, पोस्टाच्या तिकिटांची. शिवाय डबीला सपाट झाकण असते. तलवारीच्या तीन इंची चकतीवर अख्खा निसर्ग मांडणाऱ्या माणसाला ते झाकण म्हणजे मोकळे मैदान वाटले असणार.

या मालाचा दरारा केवढा होता, तर न्यूयॉर्कच्या टिफनीने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ठोकलेल्या चांदीवर इतर धातूंची पाने-पाखरे बसवलेली जपानी वळणाची भांडी मांडली आणि सर्वोच्च बक्षीस मिळवले.

या पहिल्या पिढीतली डबी ओळखायची ती रंगावरून. युरोपच्या सोनाराला सोने पिवळे आणि चांदी पांढरी एवढीच रंगपेटी ठाऊक होती. जपानी कारागिराकडे दोन मिश्रधातू जास्तीचे होते. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडे, साधारण ३ ते ५ टक्के, सोने. शिबुइची म्हणजे तांबे आणि चांदी. ओतल्यावर शाकुदो तांब्यासारखाच तांबूस दिसतो. मग वस्तू घासून लख्ख करायची, किसलेल्या मुळ्याचा रस तिला लावायचा आणि जंगाल व मोरचूद विरघळवलेल्या पाण्यात ती उकळायची. हळूहळू शाकुदोवर जांभळट झाक असलेला गर्द काळा रंग चढतो आणि शिबुइचीवर धुक्यासारखा करडा. त्याच पाण्यात नुसते तांबे केशरी-तांबडे होते, सोन्याला काहीच होत नाही. त्यामुळे एका झाकणावर काळा कावळा, करडे आभाळ, तांबडी पाने आणि पिवळा चंद्र असे सगळे रंगाचा एक थेंबही न वापरता येतात.

हा रंग म्हणजे धातूची कातडी. ती केसाहूनही पातळ असते. बाजारात येणाऱ्या कितीतरी चांगल्या डब्यांचा घात इथेच झालेला असतो. कुणीतरी हौसेने त्यांना पितळेचे पॉलिश लावलेले असते. एकदा घासले की काळा कावळा तांबडा होतो आणि किंमत बसते ती बसतेच. तज्ज्ञाकरवी रंग पुन्हा चढवता येतो, पण तो नवा रंग जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. कोपऱ्यांवर, बिजागरीच्या आसपास, कोरीव रेघांच्या खोबणीत मूळ रंग शिल्लक आहे का, हे भिंगाखाली आधी पाहावे.

क्योतोची लोखंडी डबी हे दुसरे घराणे, आणि संग्राहकांमध्ये सर्वाधिक बोलबाला तिचाच. कोमाई ओतोजिरो (१८४२–१९१७) हा मुळात तलवारीच्या अलंकारांतला माणूस. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने तेच कसब डब्या, चिमुकली कपाटे, फुलदाण्या आणि सिगारेट केसेसवर वळवले. या पद्धतीला नुनोमे-झोगान म्हणतात. लोखंडाच्या पृष्ठभागावर छिन्नीने आडव्या, उभ्या, तिरप्या अशा अतिशय बारीक रेघा पाडायच्या. मिलिमीटरभर जागेतही कित्येक रेघा बसतात. त्या खरखरीत जाळीवर सोन्याच्या पत्र्याचे कापलेले आकार आणि तारा ठेवून हातोडीने ठोकल्या की सोने जाळीत रुतून बसते. मग आम्लाने उघडी जाळी खायला लावायची, लोखंडाला मुद्दाम गंज चढवायचा, तो चहाच्या पाण्यात उकळून थांबवायचा, वर काळा लाखरंग देऊन भाजायचा आणि शेवटी लाख घासून सोने उघडे करायचे. चहातले टॅनिन गंजाशी मिळून काळे आणि स्थिर होते. वाया गेलेल्या चहाचा इतका शोभिवंत उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

आपल्याकडच्या वाचकाला यात काहीतरी ओळखीचे वाटेल आणि ते बरोबरच आहे. पंजाबातल्या सियालकोट आणि गुजरात या गावांतली कोफ्तगरी हीच युक्ती वापरते. पोलादावर आडव्यातिडव्या रेघा, वर ठोकलेली सोन्याची तार. तिथल्या कारागिरांचीही वाट तीच झाली. इंग्रजांनी पंजाब घेतल्यावर शस्त्रांची मागणी संपली आणि ढाल-तलवारींवरचे हात डब्या, तबके, दौती यांच्याकडे वळले. बिदरी मात्र वेगळी. तिच्यात जस्ताच्या मिश्रधातूत खोदलेल्या खोबणीत चांदी बसते आणि काळा रंग बीदरच्या किल्ल्यातल्या मातीचा असतो. जपानी डबीला लोहचुंबक चिकटतो, बिदरीला नाही. स्पेनच्या टोलेडोचीही सोन्याच्या जाळीची काळी डबी असते. तिच्यावर बहुधा अरबी वळणाची वेलबुट्टी दिसते, आणि जपानी डबीवर देवळे, बांबू, लाटा, पंखे, फुलपाखरे.

कोमाईची डबी ओळखायची तर तळाशी किंवा झाकणाच्या आत सोन्याने भरलेली चार-सहा अक्षरे शोधावीत. क्योतो रहिवासी कोमाई यांनी बनवले, अशा अर्थाचा तो लेख असतो. निर्यातीच्या उत्तरार्धात रोमन अक्षरांतली सही येते. पण सही दिसली की लगेच खिशात हात घालू नये. भिंग लावून सोन्याकडे पाहावे. चांगल्या कामात रेघ केसासारखी असूनही तिची कड तुटलेली नसते. जवळच्या डोंगराचे सोने पिवळेधमक आणि दूरच्या डोंगराचे फिकट हिरवट, म्हणजे एकाच चित्रात दोन-तीन कसाचे सोने. झाकणाची कड आणि बाजूच्या पट्ट्यासुद्धा भरलेल्या, कुठेही कंटाळा आलेला नाही. अमिता हे क्योतोतलेच दुसरे नाव, आणि त्यांच्या उत्तम कामाचा दर्जाही असाच. पुढे पुढे मात्र प्रवाशांसाठी झटपट माल निघू लागला. मोजकी रेघ, मोठे रिकामे काळे मैदान, मधोमध एक पॅगोडा आणि बाजूला एक वाकलेला पाइन.

याच मालावर ‘के-२४’ असा शिक्का दिसतो आणि विकणारा हळूच सांगतो की डबी चोवीस कॅरेटची आहे. डबी नव्हे. चोवीस कॅरेटचे आहे ते वरचे जडावकाम, आणि उत्तरकालीन डबीत त्याचे वजन जवळजवळ हिशेबात न धरण्याइतके असते. अंग पोलादाचेच असते. लोहचुंबकाचाही इथे अर्धाच उपयोग, कारण साठच्या दशकातली स्वस्त डबीसुद्धा त्याला चिकटते. चुंबक धातू सांगतो, वय सांगत नाही.

मीनाकारीच्या डब्यांची कथा थोडी आधी सुरू होते. नागोयाच्या ओवारी प्रांतातल्या काजी त्सुनेकिचीने १८३० च्या दशकात परदेशातून आलेली एक मीनाकारीची वस्तू फोडून ती कशी केली असेल हे स्वतःच शोधून काढले. मेइजी काळात गॉटफ्रीड वागेनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने जपानी मीनाकारांना नवे, चकचकीत, आरपार दिसणारे रंग तयार करायला मदत केली. त्यातून दोन नामिकावा पुढे आले. आडनाव सारखे, नाते काही नाही. क्योतोचा नामिकावा यासुयुकी (१८४५–१९२७) तारांचा राजा. त्याच्या छोट्या डब्यांवर सोन्याचांदीची तार कुठे जाड, कुठे बारीक अशी कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी फिरते, आणि मागचा काळा रंग खोल डोहासारखा. टोक्योच्या नामिकावा सोसुकेने (१८४७–१९१०) उलट भाजण्यापूर्वी ताराच काढून टाकल्या, त्यामुळे त्याचे काम शाईने रंगवल्यासारखे दिसते. १८९० नंतर राजघराण्याच्या मानकरी कलावंतांत मीनाकार म्हणून हे दोघेच निवडले गेले.

खरेदीदाराची इथली नेहमीची फसगत म्हणजे चिनी डबी जपानी म्हणून गळ्यात पडणे. विसाव्या शतकातली चिनी डबी बहुधा जड, पितळी कडांची, आतून निळ्या मिन्याने भरलेली असते आणि बाहेर ढगांच्या वळणाच्या तारा सगळी जागा व्यापतात. जपानी मीनाकाराला मोकळी जागा सोडायला आवडते. कड चांदीची असते, फुलांचे एखादे झुडूप कोपऱ्यात आणि उरलेले झाकण एकरंगी. मिन्याला तडा गेला असेल तर किंमत निम्म्याहूनही खाली येते, कारण मिना दुरुस्त करायचा म्हणजे पुन्हा भट्टीत घालायचा आणि तसे करण्याचे धाडस कुणी करत नाही. रंगीत राळेने बुजवलेला तडा नखाला मऊ लागतो, उजेडात तिरका धरला की चमक मंद दिसते.

आता डबी उलटी करायची.

तळाचा शिक्का हा कलेपेक्षा अमेरिकेच्या जकात खात्याचा इतिहास जास्त सांगतो. मॅकिन्ली यांच्या १८९० च्या जकात कायद्यानुसार मार्च १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर उगमाचा देश इंग्रजीत लिहिणे सक्तीचे झाले. जपानी निर्यातदार ‘निप्पोन’ असा शिक्का मारू लागले. तीस वर्षे हे चालले. १९२१ मध्ये अमेरिकी सरकारने ठरवले की हा शब्द इंग्रजी नाही, ‘जपान’ असेच लिहिले पाहिजे. तेव्हापासून ‘जपान’ किंवा ‘मेड इन जपान’. दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर देश अमेरिकी ताब्यात गेला आणि १९४७ पासून निर्यातीच्या मालावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का आला. एप्रिल १९५२ मध्ये ताबा संपला आणि शिक्काही गेला. त्याची सक्ती आधीच सैल झाली होती, त्यामुळे त्या वर्षांतल्या साऱ्या मालावर तो सापडत नाही.

या शिक्क्यांनी काळाची चौकट मिळते, पण ती एकाच बाजूने घट्ट असते. ‘ऑक्युपाइड’ असे असले तर डबी त्या चार-पाच वर्षांतली, हे नक्की, अर्थात शिक्का खरा असेल तर. काहीच शिक्का नसेल तर काहीच नक्की नाही. कायदा अमेरिकेसाठी होता. लंडनला किंवा मुंबईला गेलेल्या डबीवर तो असायचे कारण नव्हते. छोट्या वस्तूंवर कागदी चिठ्ठी चिकटवलेली असे आणि ती पहिल्याच आठवड्यात निघून जाई. विक्रेते मात्र शिक्का नाही म्हणजे १८९१ च्या आधीची, असे ठोकून देतात. उत्तम मेइजी डबीवर इंग्रजी शिक्क्याऐवजी कारागिराची सही असते, आणि तिच्या शेवटी येणारे ‘बनवले’ किंवा ‘कोरले’ या अर्थाचे अक्षर ओळखायला शिकणे हे इंग्रजी शिक्क्यांची सनावळी पाठ करण्यापेक्षा अधिक फायद्याचे.

चांदीच्या डब्यांना आणखी एक खूण असते. इंग्लंडची चांदी ९२५ कसाची, जपानची निर्यातीची चांदी पुष्कळदा ९५०. योकोहामाच्या दुकानांतून साहेबलोक ज्या सिगारेटच्या डब्या घेऊन जात, त्यांवर हा आकडा किंवा शुद्ध चांदी या अर्थाची दोन जपानी अक्षरे सापडतात. आतून लाकडाचे अस्तर असते, त्यामुळे वजनावर चांदीचा हिशेब करणारा फसतो.

संख्येने सर्वाधिक असलेल्या डब्या मात्र यांपैकी कुठल्याच घराण्यातल्या नाहीत. लाल मखमलीचे अस्तर, चार वळणदार पाय, झाकणावर उठावाचे निक्कोचे देऊळ नाहीतर ड्रॅगन, रंग जुनाट चांदीचा किंवा तांब्याचा. हातात घेतली की आकाराच्या मानाने जड. ही अँटिमनीची डबी. शिकोकू बेटावरच्या एहिमे भागातली इचिनोकावा खाण अँटिमनीच्या खनिजासाठी, म्हणजे आपल्याकडे ज्याचा सुरमा करत त्या स्टिब्नाइटसाठी, जगप्रसिद्ध होती. तिथले तलवारीच्या पात्यांसारखे लांब, चमकदार स्फटिक लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्येही आहेत. शिसे, अँटिमनी आणि थोडे कथील यांचे मिश्रण कमी उष्णतेला वितळते आणि साच्यातली बारीकसारीक रेघही उचलते. टोक्योत मेइजी काळापासून या ओतकामाचे कारखाने होते. कोरीव साचा एकदाच करायचा, मग त्यातून हजारो झाकणे. वर चांदीचा किंवा तांब्याचा मुलामा.

युद्धानंतर या धंद्याला अचानक बरकत आली. देश भाजून निघालेला, डॉलर हवेत, आणि समोर लाखो अमेरिकी सैनिक, ज्यांना आईसाठी, बायकोसाठी काहीतरी जपानी घरी न्यायचे आहे. अँटिमनीची दागिन्यांची डबी स्वस्त, चमकदार आणि पोस्टाने पाठवण्याजोगी. तिला कला म्हणावे का, यावर संग्राहक नाके मुरडतात. पण पराभवानंतरच्या दशकातल्या जपानची इतकी प्रामाणिक वस्तू दुसरी सापडणे कठीण. गिऱ्हाईकाला जपान जसा हवा होता तसा तो या झाकणांवर ओतून दिला आहे. किंमत मात्र माफकच, कारण माल अमाप आहे. ‘ऑक्युपाइड’ शिक्क्याने ती थोडी वाढते, मुलामा उडालेला असला की पुन्हा उतरते. धातूत शिसे असल्याने असल्या डबीत सुपारी, बडीशेप ठेवू नये.

आणि आता अगदी दुसऱ्या टोकाची डबी, जी कधीच विकायला काढलेली नव्हती.

जपानच्या राजवाड्यात मोठ्या समारंभाच्या जेवणानंतर पाहुण्याच्या हातात मुठीत मावेल अशी चांदीची डबी ठेवायची प्रथा आहे. तिला फ्रेंच नावानेच, बोनबोनिएर म्हणून, ओळखतात. युरोपात बारशाला, लग्नाला गोड गोळ्यांची डबी वाटतात तिथून ती कल्पना आली. ९ मार्च १८९४ ला सम्राट मेइजींच्या विवाहाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हाच्या मेजवानीला क्रौंच आणि कासव या दीर्घायुष्याच्या जोडीच्या डब्या दिल्या गेल्या. १९१५ आणि १९२८ च्या राज्यारोहणांना डब्या झाल्या, राजपुत्रांच्या लग्नांना झाल्या, २०१९ च्या राज्यारोहणाच्या मेजवानीलाही झाल्या. कधी शिरस्त्राण, कधी हातातला डमरूसारखा ढोल, कधी कंदील, आणि वर सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे राजचिन्ह. राजपुत्रांच्या घराण्यांचे फूल थोडे वेगळे असते. त्यामुळे चिन्ह नीट पाहिले तर डबी कुणाच्या घरच्या कार्याची हे कळते, आणि कार्य कळले की तारीखच हाती येते. जुन्या वस्तूंच्या दुनियेत इतका नेमका पुरावा क्वचित मिळतो. म्हणूनच एवढ्याशा डबीला तिच्यातल्या चांदीच्या कितीतरी पट भाव मिळतो.

डबीत असतात कोन्पेइतो, काट्याकाट्यांच्या रंगीत साखरगोळ्या. मराठी माणसाने त्या पाहिल्या तर तो संक्रांतीचा हलवाच म्हणेल, आणि करण्याची रीतही तशीच आहे. मंद आचेवर बारीक दाणे फिरवत राहायचे, थोडा थोडा पाक घालायचा, काटा यायची वाट पाहायची. क्योतोत एका घाण्याला दोन आठवड्यांहून अधिक लागतात. हा पदार्थ जपानला पोर्तुगिजांनी दिला. लुईस फ्रोइस या जेझुइट पाद्र्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बाटलीत भरलेल्या अशा गोळ्या नजर केल्या होत्या. फ्रोइस जपानला गेला तो गोव्याहून. १५४८ साली तो गोव्यात आला, तिथेच जेझुइट पंथात त्याचे शिक्षण झाले, तिथेच दीक्षा झाली. राजवाड्यातल्या चांदीच्या डबीतला खाऊ असा मांडवीच्या काठावरून गेलेल्या माणसाच्या सामानातून आलेला आहे.

एका साध्या डब्याचाही मान राखायला हवा. क्योतोच्या काइकादोने १८७५ मध्ये इंग्लंडहून येणाऱ्या कथलाच्या पत्र्यापासून चहाचे डबे करायला घेतले आणि आजही ते घराणे तोच डबा हाताने करते, शंभराहून जास्त टप्प्यांत. त्यावर नक्षीचे नाव नाही. झाकण नुसते तोंडावर ठेवायचे, ते आपल्याच भाराने सावकाश खाली सरकते आणि बंद होते. जुन्या डब्याची परीक्षाही तीच, झाकण अडले की अंगाला पोचा आहे.

जपानमध्येच जुनी उत्तम डबी कमी का सापडते, याचे कारण उघड आहे. ती बनली ती जहाजात चढण्यासाठीच. ज्या थोड्या देशात राहिल्या त्यांवर युद्धाने घाला घातला. ७ जुलै १९४० रोजी चैनीच्या वस्तू बनवण्या-विकण्यावर निर्बंध आले आणि १९४१ मध्ये धातू सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला. देवळांच्या घंटा वितळल्या, तिथे डब्यांची काय कथा. म्हणून आज मेइजी धातुकामाचे मोठे संग्रह परदेशात आहेत. लंडनस्थित नासिर खलिली यांचा संग्रह त्यांत अग्रगण्य. मुंबईलाही थोडा वाटा आला. निप्पोन युसेन काइशा आणि जमशेदजी टाटा यांच्या सहकार्याने १८९३ मध्ये मुंबई–कोबे जहाजे सुरू झाली, मुख्यतः कापसासाठी. टाटांच्या दोन्ही मुलांचा, दोराबजी आणि रतन यांचा, कलावस्तूंचा संग्रह पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे आला आणि त्यात जपानी वस्तूही आहेत. ज्याला डबी विकत घ्यायची आहे त्याने आधी तिथल्या काचेसमोर तास-दोन तास काढावेत. चांगले काम डोळ्यांत भरलेले असले की वाईट काम आपोआप खटकते.

गेल्या काही दशकांत प्रवाह उलटला आहे. मुराता मासायुकी या इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातल्या घराण्यातल्या संग्राहकाने परदेशी लिलावांतून मेइजी कारागिरी परत विकत घेत २००० साली क्योतोत कियोमिझु सान्नेनझाका संग्रहालय उघडले. जपानी खरेदीदार उतरल्यावर सहीच्या, निष्कलंक डब्यांचे भाव चढले. मधल्या दर्जाच्या, प्रवासी मालाच्या डब्या मात्र जागच्या जागी राहिल्या. एकाच आकाराच्या, एकसारखा फुजी मिरवणाऱ्या दोन काळ्या डब्यांत शंभरपटींचा फरक असू शकतो, आणि तो पडतो सोन्याच्या रेघेत, सहीत, बिजागरीत, आतल्या अस्तरात. बदललेली बिजागरी, नव्याने सोनेरी रंग भरलेली रेघ, लाखेच्या खाली फुगलेला गंज यांतली एकेक गोष्ट किंमत खाली ओढते. ऐंशीच्या दशकातल्या ‘चोकिन’ डब्यांवर बाराव्या शतकातल्या सामुराईंच्या कवचाची कहाणी सांगणारी चिठ्ठी चिकटवलेली असते. कहाणी कितीही जुनी असली तरी सोनेरी-रुपेरी मुलाम्याचे ते तबक आणि ती डबी भेटवस्तूंच्या दुकानातलीच.

जपानात स्वतःच्याच गिऱ्हाइकासाठी केलेली चांगली वस्तू कारागिराच्या सहीच्या साध्या लाकडी पेटीत येते. तिला तोमोबाको म्हणतात. झाकणावर शाईने वस्तूचे नाव, आत नाव आणि शिक्का. निर्यातीच्या डब्यांना ती सहसा नसते, त्यामुळे जिथे आहे तिथे किंमत लक्षणीय वाढते. अर्थात पेटीचे माप डबीला नेमके बसते का, लाकडाचा रंग आत-बाहेर एकाच वयाचा आहे का, सहीचे वळण डबीवरच्या सहीशी जुळते का, हे पाहायलाच हवे. जपानी लिलावांत सहीच्या रिकाम्या पेट्याही विकायला असतात, आणि त्यांनाही चांगला भाव येतो.